जॅकेटला टोपीची खळ

प्रिय आत्या,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. (खरंच वाकले असते, पण इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून लिहितेय आणि समोर गरम इस्त्री आहे. वाकले तर पुढचे केस जातील.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून आवाज करतो का? काकांचा खोकला गेला, की त्यानेच काकांना ठेवून घेतलं? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईचा आवाज जसा होता तसाच आहे, म्हणजे तुला तिकडे कधीकधी ऐकू येत असेल.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. मागच्या वेळी तू किती वेळ हॅलो हॅलो करत होतीस आणि मी इकडे मान हलवत होते, हे मला नंतर कळलं. लिहिताना बरं असतं. समोरचा मध्येच 'काय? मोठ्याने बोल' म्हणत नाही. आधी एक सांगून टाकते, म्हणजे तू छातीवर हात ठेवून वाचणार नाहीस. तू पाठवलेलं तुझं जुनं नेमबाजीचं जॅकेट सुखरूप आहे. त्याच्यावर काय काय गुदरलं ते पुढे लिहिते, पण बटणं सगळी जागेवर आहेत.

तू मागे विचारलं होतंस की तुला एकदम नेमबाजी कुठून सुचली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे 'असंच' म्हणाले होते. असंच नाही. आपल्या लाँड्रीत त्या नेमबाजीच्या रेंजचे टॉवेल आणि पडदे धुवायला येतात. एकदा ते पोचवायला मी गेले, तर आत एका रांगेत माणसं उभी. प्रत्येकाचं तोंड आपापल्या निशाण्याकडे. कोणी कोणाकडे बघत नाही, कोणी बोलत नाही, आणि भिंतीवर पाटी, शांतता राखा. आत्या, मी टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला शाळा आठवली. हजेरीला 'हजर' म्हणायच्या आधीच माझा घसा बंद व्हायचा, त्यामुळे निम्मं वर्ष मी हजर असून गैरहजर होते. (आई म्हणते, ही मुलगी शाळेत जायची हे फक्त हिच्या डब्याला माहीत होतं.) आणि इथे तर न बोलण्याबद्दल शाबासकी देतात. तू पूर्वी सांगितलं होतंस या खेळाबद्दल, पण मला वाटलं तू आपली गंमत करतेस.

तिथल्या कोच बाईंना सगळे दम मॅडम म्हणतात, कारण त्या दिवसभर 'दम धर, दम सोड' एवढंच बोलतात. त्यांनी मला शिकवायला घेतलं आणि मग नवशिक्यांच्या स्पर्धेत नाव घातलं. ही स्पर्धा म्हणजे गंमत नाही हं. तिच्यात ठरावीक गुण झाले तर क्लबात कायमची जागा मिळते आणि क्लबची रायफल वापरायला मिळते. नाही झाले, किंवा कुठल्या नियमात अडकून बाद झालं, तर आपलं नाव वाट बघणाऱ्यांच्या रांगेत शेवटी. ती रांग एवढी लांब आहे की माझा नंबर लागेपर्यंत मला निशाणा दिसायचा बंद होईल.

आता नियम. मला वाटलं होतं, रायफल उचलली, नेम धरला, झालं. तसं नसतं. त्याआधी तुझ्या अंगावरची एकूण एक वस्तू तपासतात, मुलगी बघायला आल्यासारखी. बुटाचा तळ वाकला पाहिजे, ताठ तळ चालत नाही. हातमोजा फार जाड नको. जॅकेटच्या आत जाड स्वेटर नको. जॅकेट घट्ट नको, पुढून एकमेकांवर इतकं इतकं आलंच पाहिजे. कुठे चिकटपट्टी लावून काही आवळलेलं नको. तुला हे सगळं माहीत असेल, पण तुझ्या वेळी एवढं मोजत होते का? मी आधी बावचळूनच गेले. मग मॅडमनी एका वाक्यात उलगडा केला, "छर्रा तू मारायचा, कपड्यांनी नाही." म्हणजे कपड्याने अंग सावरून धरलं की ती लबाडी. म्हणून तर जॅकेट किती ताठ आहे ते बघायला एक यंत्रच आहे. कापड त्यावर बसवतात, वरून वजन दाबतात, आणि कापड तीन मिलिमीटर तरी खाली दबलं पाहिजे. नाही दबलं तर जॅकेट नापास, आणि दुसरं जॅकेट नसेल तर जॅकेटच्या आतली पण नापास.

तुझ्या जॅकेटची मला काळजी नव्हती. इतकी वर्षं ट्रंकेत पडून ते लोण्यासारखं मऊ झालं होतं. क्लबातल्या यंत्रावर मॅडमनी आधीच बघितलं, वजन ठेवताच ते खाली बसलं, जसं काय दमलंच होतं. मापाचं म्हणशील तर त्यात माझ्यासारख्या दोन मावतात. तू तेव्हा बरी जेवत होतीस असं दिसतं. (रागावू नकोस, त्यामुळेच घट्टपणाचा प्रश्न मिटला.) नेम धरताना दुसऱ्या डोळ्यासमोर लावायची पट्टी मी आपल्या शर्टाच्या कॉलरमध्ये घालायच्या प्लास्टिकपासून घरीच केली. ती आधी रुंद झाली, मग कापली, मग वाकडी झाली, पण चालली. एकूण सगळं तयार होतं.

आता बाबा.

तुझा भाऊ आहे, तुला काय सांगायचं. पण तू सासरी गेल्यापासून तो स्वभाव आणखी मुरलाय. गिऱ्हाईकं स्टार्च म्हणतात, बाबा खळच म्हणतात, आणि खळीशिवाय माणूस म्हणजे त्यांच्या लेखी ओला टॉवेल. दुकानात अजून तुमच्या वेळचीच पद्धत आहे. ज्या कपड्याला खळ नको त्याच्या कॉलरखाली लाल दोऱ्याचा टाका. तो टाका घालायची वेळ आली की बाबांचा चेहरा असा होतो, जसं काय डॉक्टरने वाईट बातमी दिली. ती डान्स शिकवणारी बाई आहे ना, तिचे सगळे कपडे लाल दोऱ्याचे. बाबा तिचे कपडे स्वतः उचलत नाहीत, मला उचलायला लावतात. आणि आता खळीचे तीन प्रकार झालेत. साधी, साहेबी आणि टोपीची. टोपीची म्हणजे हॉटेलच्या आचाऱ्याच्या उंच टोपीला लागते ती. ती टोपी वाफेत, घामात दिवसभर उभी राहिली पाहिजे, म्हणून तिचं मिश्रण बाबा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

नेमबाजीबद्दल बाबा मला कधी एक शब्द बोलले नाहीत. तसे आम्ही कशाबद्दलच बोलत नाही. दिवसभर एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे असतो आणि 'पाणी मार', 'पालट', 'घडी' एवढ्यात आमचं भागतं. (आई म्हणते, या दोघांपेक्षा इस्त्र्या जास्त बोलतात.) मला वाटलं होतं त्यांना ते आवडत नाही. कदाचित ऐन कामाच्या वेळी मी सरावाला जाते म्हणून.

तर स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी दुकानात आले आणि बघते तर टेबलावर तुझं जॅकेट उभं. आत्या, उभं म्हणजे उभं. हँगर नाही, खुंटी नाही, आत कोणी नाही, आणि दोन्ही बाह्या जराशा पुढे करून ते असं उभं होतं की मी चुकून बाजूला सरले, त्याला वाट द्यायला. बाह्यांवर अशी धार की भाजी चिरावी. टोपीची खळ. आणि बाबा पलीकडे पाठ करून रिकाम्या टेबलावर इस्त्री फिरवत होते. कान लाल झाले होते त्यांचे. माझे होतात तसेच.

मला लगेच कळलं की हे जॅकेट यंत्रावर मेलं तरी दबणार नाही. आणि मला हेही कळलं की बाबांनी आजवर मला केलेलं हे सगळ्यात मोठं भाषण आहे. आता सांग, यावर काय बोलायचं? मी तर साधं 'हजर' म्हणू शकत नाही. मी म्हटलं, छान झालंय. बाबा म्हणाले, हं. आणि मग त्यांनी शटर खाली ओढलं. पूर्ण. आजोबा गेले तेव्हाही अर्धं उघडं होतं ते. मला पोचवायला ते स्वतः येणार होते.

बसमध्ये जॅकेटची घडी होईना म्हणून ते शेजारच्या सीटवर बसवलं. ते माझ्यापेक्षा ताठ बसलं होतं. कंडक्टरने आधी त्याच्याकडे बघून, तिकीट, असं विचारलं आणि मग स्वतःच ओशाळला. बाबांना त्याचाही आनंद झाला. मी सगळा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात म्हणत होते, यंत्र बिघडू दे. देवा, फक्त आजच्या दिवस बिघडू दे.

यंत्र एकदम ठणठणीत होतं. तपासणीला एक काका बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर आणि कपाळावर कायमची आठी. बूट वाकवून बघितले, ठीक. हातमोजा ठीक. डोळ्याची पट्टी उलटसुलट केली, हसले, ठीक. मग जॅकेट घेतलं. घेताना त्यांचा हात एकदम वर गेला, कारण वजन हलकं आणि दिसायला चिलखत, त्यांचा अंदाज चुकला असावा. यंत्रावर बसवलं, वजन सोडलं. वजन कापडावर बसलं आणि तसंच बसून राहिलं, पाहुणे सोफ्यावर बसतात तसं. काटा जागचा हलला नाही. काकांनी परत केलं. परत तेच. मग त्यांनी चष्मा सारखा केला, जॅकेटच्या छातीवर दारावर करतात तशी टकटक केली, आणि खाली वाकून विचारलं, "आत कोणी आहे का?"

मागच्या रांगेतली सगळी मुलं हसली. मी जमिनीत जायला तयार होते, पण फरशी होती. काकांनी सांगितलं की तुझी पाळी यायच्या आत एकदा परत आण, तेव्हाही नाही झालं तर जॅकेट बाद. बाहेर बाबा दाराशी उभे, कडक इस्त्रीचा शर्ट, डोळे माझ्याकडे. काय म्हणाले, असं विचारलं. आत्या, माझ्या तोंडून निघून गेलं की त्यांना परत एकदा बघायचंय म्हणाले. (हे खोटं नाही. हळू वाच, खोटं नाही.) बाबांचा चेहरा जो काही फुलला. बघणारच, म्हणाले, आणि जाऊन प्रेक्षकांच्या खुर्चीत बसले.

मी मॅडमना गाठलं. खळ मोडायची कशी हे मला कुणी शिकवायला नको होतं, लहानपणापासून तेच बघतेय. कॉलर जास्त ताठ झाली की किटलीच्या तोंडाशी धरायची आणि गरम असतानाच चोळायची. मॅडम जाऊन काकांना विचारून आल्या की वाफ दिलेली चालेल का. काका म्हणाले म्हणे, तिने ते वाफवून आणलं काय की जेवायला घालून आणलं काय, मी फक्त काटा बघणार, आणि स्पर्धेनंतरही चिठ्ठी टाकून काही जणांना परत तपासतो, हेही तिला सांगा.

आता वाफ कुठे, तर कँटीनमध्ये. आणि कँटीनमध्ये काउंटर, काउंटरवर बाई, आणि बाईशी बोलायला लागतं. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. बाई म्हणाली, चहा? मी मान हलवली. चहा घेतला, बाजूला जाऊन प्यायले, परत रांगेत उभी राहिले. परत नंबर आला. परत चहा. तिसऱ्यांदा बाईने न विचारता कप भरायला घेतला, आणि माझ्या हातात ते जॅकेट दारासारखं आडवं, मागे रांग, आत घड्याळ पुढे चाललेलं. मला दिसलं की हिने हा कप माझ्यापुढे ठेवला की मी तो पिणार, आणि माझी जागा जाणार, आणि बाबा परत कधी शटर पूर्ण ओढणार नाहीत.

मी म्हणाले, "मला चहा नको. वाफ हवीय."

आत्या, एवढ्या मोठ्याने की मागची रांग गप्प झाली. बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "साधी की स्पेशल?" आणि तिने आतलं दार उघडून मोठ्या पातेल्यावरचं झाकण काढलं. मी जॅकेट वाफेवर धरलं. आधी काहीच नाही. मग एक खांदा हळूच खाली आला. मग दुसरा. बाह्या पडल्या. मी ते खाली घेऊन चोळलं, पिळलं, मळलं, परत धरलं. मॅडम आल्या त्या काही न विचारता त्यावर बसल्या आणि डावीउजवीकडे हलल्या. (त्यांना दम मॅडम का म्हणतात त्याचं आणखी एक कारण तेव्हा कळलं, पण ते पत्रात नको.) एवढ्यात कोण आलं असेल? बाबा. चहा प्यायला. मॅडम जॅकेटसकट पिंपामागे गेल्या आणि मी त्यांच्यामागे. फटीतून मला बाबा दिसत होते. त्यांनी कप तोंडाला लावला, मग थांबले. नाक जरासं वर करून हवा हुंगली. इतकी वर्षं खळीत घालवलेला माणूस, गरम खळीचा वास त्यांना नाही कळणार? पण त्यांनी चहा संपवला, कप ठेवला, बाईला म्हणाले, पाणी चांगलं उकळता तुम्ही, आणि गेले.

दुसऱ्या खेपेला काटा हलला. पुरता तीनवर जाऊन थांबला, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातानेच जा म्हणाले.

सुटले म्हणतेस? मलाही तसंच वाटलं. पण आत हॉलमध्ये एसीचा गारठा, आणि ओली खळ वाळली की काय होतं ते मी तुला सांगायला पाहिजे का? थोडे छर्रे मारले तोच पाठीकडून कर्र असा आवाज आला. जॅकेट शुद्धीवर येत होतं. मी श्वास घेतला की कर्र, सोडला की कर्र. शेजारचा मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मनात एकच, आता चिठ्ठी माझी निघणार, काका टकटक करणार, सगळं बाद. आणि मागे बाबा बसलेत. बस, मला घाम फुटला. तुला माहितीये मला कसा घाम फुटतो ते. फळ्याकडे बोलावलं की माझ्या हातातला खडू विरघळायचा. तसा, पण सगळीकडून. कपाळ, मान, पाठ, कोपरं. आणि हळूहळू तो कर्र आवाज कमी झाला. मग बंदच झाला. जॅकेट परत माणसात आलं. मग मला बाकी काही आठवत नाही, फक्त समोरचा काळा ठिपका आणि दम धर, दम सोड.

चिठ्ठी माझीच निघाली. निघणारच होती. काकांनी जॅकेट हातात घेतलं आणि पटकन दुसऱ्या हातात घेतलं, मग हात रुमालाला पुसला. यंत्रावर बसवलं. वजन असं खाली गेलं की काटाच दचकला. काकांनी विचारलं, "हे सकाळचंच ना?" मी हो म्हणाले. त्यांनी सही केली आणि म्हणाले, घरी जाऊन वाळत घाल बाई.

माझा नंबर विचारू नकोस, यादी खालून वाचली की लवकर सापडतो. पण ठरावीक गुण झाले. जागा मिळाली. रायफल मिळाली. आयुष्यभर ज्या घामाला मी शिव्या दिल्या त्याच्यामुळे. बाहेर पायरीवर येऊन बसले तर इतकं हलकं वाटत होतं की वाऱ्याने उडाले असते. बाबा आले, पिशवीतून टॉवेल काढून दिला. जमलं, असं विचारलं. मी म्हटलं, जमलं. बसमध्ये दोघंही खिडकीतून बाहेर बघत आलो. वेगवेगळ्या खिडक्यांतून, पण बरं वाटत होतं.

आता थांबते, चादरींचा ढीग वाट बघतोय. गुडघ्याला शेक दे. काकांना खोकल्यासकट नमस्कार.

तुझी,
न बोलणारी

ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहिलं. तुझी नेमबाजीची पॅन्ट पण ट्रंकेत आहे असं तू म्हणाली होतीस. पुढच्या स्पर्धेला पॅन्ट पण मोजतात. ती पाठवशील का? पण कृपा करून दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नकोस. दम मॅडमच्या घरी पाठव, पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. आपल्या घरात जे कापड येतं ते उभं राहूनच बाहेर पडतं.

ता. क. २. बाबांनी फोनवर विचारलं तर सांग की तुझ्या वेळीही तपासणीवाले जॅकेट दोनदा दोनदा बघायचे, आवडलं म्हणून. त्यांना वाईट वाटायला नको. त्यांना काही कळलेलं नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. आत्ता सरावाला जाताना जॅकेट खुंटीवरून काढलं. धुतलेलं, वाळलेलं, मऊ. इस्त्रीसुद्धा नाही. कॉलर वर केली तर खाली लाल दोऱ्याचा टाका. बाबांच्याच हातचा, दोरा दाताने तोडलेला. मी टेबलाच्या पलीकडे बघितलं. बाबा एका उशीच्या अभ्र्यावर पाणी मारत होते, गरजेपेक्षा जास्तच. पालट, म्हणाले, तर पालटला.

पॅन्ट दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.